समोरच्याची बाजू

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवली ती शाळेच्या ग्रंथालयातली अगदी खालची फळी. तिथे मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड असत. विश्वकोश आपल्या वाईतच तयार होतो, याचं आम्हा पोरांना कोण अप्रूप! आठवीत मी मांडी घालून ते चाळत बसायचो. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानावरच्या कितीतरी नोंदींखाली एकच नाव असायचं : ‘रेगे, मे. पुं.’

‘हे कोण?’ असं संस्कृतच्या बाईंना विचारलं आणि पुढचा अख्खा तास त्यातच गेला. मेघश्याम पुंडलीक रेगे. मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, मग प्राचार्य, वाईच्या ‘नवभारत’ मासिकाचे संपादक. बाई रंगल्या त्या १९८३च्या पुण्यातल्या चर्चेवर. रेगे यांच्या पुढाकारानं इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक आणि परंपरेनं न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, शिकलेले पंडित समोरासमोर बसले होते. विषय ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची ‘विधान’ ही कल्पना, चर्चा संस्कृतात! बाईंनी फळ्यावर लिहिलं, ‘भूतलं घटवत्’. जमिनीवर घडा आहे. हे झालं वाक्य. ते ऐकून आपल्याला होतं ते ज्ञान. या दोहोंहून वेगळं ‘विधान’ म्हणून काही असतं का? आमची डोकी गरगरली, पण घंटा झाली तरी कुणी उठलं नाही.

वादविवाद स्पर्धेच्या तयारीत बाईंचा एक नियम होता. आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं. तो ‘हो, हेच मला म्हणायचंय’ म्हणाला की मगच आपली पाळी. गृहपाठ हवा की नको, या विषयावर माझ्या मित्रानं मला तीनदा ‘नाही’ म्हणून परत उभं केलं. चौथ्यांदा तो ‘हो’ म्हणाला, तेव्हा माझे मुद्दे निम्मे गळून पडले होते.

१९९४मध्ये विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी गेले आणि विश्वकोशाची धुरा रेगे यांच्याकडे आली. २००० साली तेही गेले. त्यांचा ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ मी फार उशिरा वाचला. एकेक मत ते असं उलगडतात, की वाचताना तेच खरं वाटू लागतं. पुढचं पान उलटलं की दुसरं! बाईंचा नियम त्या पानांत जागोजाग भेटला.

आज वकिली करताना माझ्या वहीचं डावं पान विरुद्ध पक्षाचं असतं. ते भरल्याशिवाय मी उजव्या पानाला हात लावत नाही.

ग्रंथालयाची नवी इमारत होते आहे, असं ऐकलं. ते खंड काचेच्या कपाटात नका ठेवू. खालच्या फळीवरच राहू द्यात, आठवीतल्या पोरांच्या हाताला लागतील असे.