तुम्ही विचारलंत म्हणून: पुसलेल्या अक्षरांविषयी

अक्षरांनी आवाजात फरक पडत नाही. हे आधीच मान्य करते, म्हणजे पुढचं बोलता येईल. तुमचा प्रश्न ठरलेला असतो: रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेलं जुनं यंत्र, दुरुस्त झाला, वाजायला लागला, मग पॅनलवरची दोन-तीन मिलिमीटरची ‘बास’, ‘ट्रेबल’, ‘फोनो’ ही अक्षरं परत उमटवण्यात आठवडा कशाला घालवायचा? कुठला नॉब कशाचा हे ज्याचं यंत्र त्याला पाठच असतं. आणि घालवायचाच असेल, तर सगळं पॅनल कोरं करून नव्याने छापून का घेत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. 1970च्या दशकातल्या बहुतेक रिसीव्हरांची अक्षरं ॲल्युमिनियमवर स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली असतात. भिंगाखाली धरलं की शाईच्या कडेला जाळीच्या धाग्यांनी पाडलेल्या बारीक पायऱ्या दिसतात. चार अक्षरं गेली म्हणून शाबूत असलेली चाळीस पुसायची, वर ॲनोडाइझिंगला, म्हणजे ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक थरालाही धक्का लावायचा, हे माझ्याच्याने होणार नाही. कोरलेली अक्षरं असतील तर प्रश्नच नाही: खाचेत इनॅमल भरायचं, पुठ्ठ्याला कापड ताणून गुंडाळायचं आणि खाचेला तिरकं पुसायचं, म्हणजे आतला रंग ओढला जात नाही. मॅकिंटॉश या ऑडिओ कंपनीच्या यंत्रांवरच्या काचेच्या पॅनलची अक्षरं तर काचेच्या मागे असतात. तिथे बोट पोचतच नाही. आतून काच स्वच्छ करायला जाणाराच ती घालवतो.

तसंही अक्षरं बोटांपेक्षा फडक्याने जास्त जातात. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे घेतला की संपलं. मीही घालवली आहेत. एकदा ‘लाउडनेस’मधली तीन अक्षरं माझ्या डोळ्यांदेखत कापसाच्या काडीवर आली. तेव्हापासून नॉबच्या घेराखाली झाकल्या जाणाऱ्या एखाद्या रेघेवर आधी साबणाचं पाणी लावून बघते आणि मगच पुढे जाते.

आता पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मी वर्षानुवर्षं ‘मूळ रूप जपायचं’ असं देत आले. आज ते उत्तर मला पुरत नाही.

एका गृहस्थांचा रिसीव्हर आला होता. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर होता, यंत्र किती व्होल्टच्या विजेवर चालवायचं ते ठरवणारा: गोल प्लग उपसायचा, फिरवायचा आणि बाण हव्या त्या आकड्यासमोर आणून परत दाबायचा. आकडे चार: 110, 120, 220, 240. चारही पार गेलेले, नुसती सावली उरलेली. मी त्याच मालिकेतल्या दुसऱ्या मॉडेलचा फोटो मिळवला आणि कामाला लागले. अक्षराची जात जुळवली. जुनी पांढरी शाई पांढरीशुभ्र राहिलेली नसते, म्हणून रंगात कणभर पिवळी माती मिसळली. आकडे सरळ बसावेत म्हणून खाली पट्टी चिकटवली, वरून वार्निशचे अगदी पातळ फवारे मारले. एकदम ओला थर दिला तर खालचं सुरकुततं. दोन संध्याकाळी गेल्या. इतकं सुबक काम तोवर माझ्या हातून झालं नव्हतं.

त्या दुसऱ्या मॉडेलमध्ये आकडे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढतात. या यंत्रात ते उलटे चढत होते. मी झाकण उघडून तारा कुठून कुठे जातात ते पाहिलं नाही.

प्लग मी हलवला नव्हता. तो खऱ्या 240वर होता, पण मी लिहिल्यावर बाण 110 दाखवायला लागला. त्याच अवस्थेत यंत्र माझ्या टेबलावर 230 व्होल्टवर दोन तास वाजलं. हे मला दिसायला हवं होतं. मी आकड्यांच्या कडा बघत होते.

घरी गेल्यावर त्यांना बाण 110वर दिसला. त्यांनी कुठल्याही समंजस माणसाने केलं असतं तेच केलं: प्लग काढला आणि 240वर बसवला. म्हणजे खऱ्या 110वर. आधीच्या कुणीतरी फ्यूज मोठा घातलेला होता. तोही मला दिसला होता आणि मी तसाच ठेवला होता, कारण माझ्याकडे काम अक्षरांचं होतं. ट्रान्सफॉर्मर जळाला, फिल्टर कपॅसिटर फुटले. फोनवर ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, तुम्ही लिहिलेलं बघूनच फिरवलं मी.”

त्यावर मला काही बोलता आलं नाही. ट्रान्सफॉर्मर दुसरीकडून बांधून घेऊन दिला, पण ते यंत्र पुन्हा पहिल्यासारखं झालं नाही.

माझी बाजू मांडायची तर, कोऱ्या सिलेक्टरवरही त्यांनी कधीतरी अंदाजाने प्लग फिरवलाच असता. हे खरंही असेल. पण कोऱ्या जागेवर कुणी विश्वास ठेवत नाही. विश्वास ठेवला तो मी लिहिलेल्या आकड्यावर. मालकाला सगळं पाठ असतं म्हणता, पण मालक बदलतात. फोनोचं, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचं इनपुट काही मिलिव्होल्टसाठी असतं. तिथे कुणी सीडी प्लेअर जोडला तर कानठळ्या बसतात आणि आवाज फाटतो. पॅनलवरचा शब्द त्या नवख्या माणसासाठी असतो.

आता मागच्या बाजूचा एकही आकडा मी फोटोवरून काढत नाही. वीज तोडून मीटर लावते. सिलेक्टरच्या ज्या स्थितीत प्रायमरीचा (ट्रान्सफॉर्मरच्या वीज आत घेणाऱ्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स सर्वांत जास्त, ते 240. कारखान्याचं सर्किट मिळालं तर तेही ताडून बघते. म्हणून आठवडा लागतो.

समोरच्या बाजूचं मात्र अजून ठरत नाही. शब्द उपयोगासाठी असतील, तर वाचता येईल असं अर्धं ‘स्टीरिओ’ तसंच सोडायला हवं. पूर्वीची मी ते पूर्ण केल्याशिवाय उठली नसती. परवा एका ट्यूनरवर मी ते सोडलं. रात्री परत दिवा लावून बसले आणि पहिलं अक्षर पूर्ण केलं. बाकीचं तसंच आहे.