हूल दे!

मागे एका शनिवारी सकाळी न्यूझीलंडमधल्या हट व्हॅलीतल्या दवाने चिंब मैदानावर मला तंबी मिळाली. गुन्हा काय, तर लेकीला ओरडून सांगितलं, "डावीकडे!"

इथे सात वर्षांखालची पोरं 'रिप्पा रग्बी' खेळतात. टॅकल, म्हणजे धरून पाडणं, नाही. कमरेच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना एकेक फीत चिकटवलेली असते. चेंडू घेऊन पळणाऱ्याची फीत खेचली की "रिप!" ओरडायचं, मग त्याने चेंडू मागच्याकडे द्यायचा. सहा रिप झाले की चेंडू समोरच्यांचा. हाताने फीत झाकायची नाही, कुणाला ढकलायचं नाही. म्हणजे सगळा खेळ चुकवण्याचा. आणि चुकवणं मला कोण शिकवणार? सांगलीत शाळेपासून विद्यापीठापर्यंत खो-खो खेळलेय मी. मदतनीस कोच हवाय म्हटल्यावर लगेच हात वर केला. नवरा म्हणाला, "तुला रग्बीतलं काय कळतं?" त्याला उत्तर दिलं नाही.

मुख्य कोच आठवडाभर प्लंबिंगची कामं करतो आणि शनिवारी आमच्या पोरांना सांभाळतो. त्याचा नियम एकच: दिशा सांगायची नाही. रिप झाला की जवळ जाऊन विचारायचं, "तुला काय दिसलं?"

लेकीला विचारलं. म्हणाली, "कुत्रा."

आता सहा वर्षांच्या पोरीला दुसरं काय दिसणार? आमच्या सरांनी उभ्या जन्मात कुणाला काय दिसलं म्हणून विचारलं नाही. दोन खांबांमध्ये अंधार पडेपर्यंत पळवलं. आम्ही काही वाईट खेळलो नाही.

पण एक गोष्ट कबूल करते. खो-खोत पळणाऱ्याची नजर पाठलाग करणारीच्या खांद्यावर असते. तिने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला मागे फिरता येत नाही. हूल दिली, खांदा वळला, की आपण सुटलो. तेच मी इथे शिकवलं, तेही चांगलं लांबून. आणि काय, समोरचं पोरगं हुलीला फसायचं, हसायचं, आरामात मागे फिरून फीत काढून न्यायचं. त्याला कुठला खांब अडवणार?

कोचने मला बाजूला घेतलं आणि स्वतः करून दाखवलं. इथे समोरच्याला बांधतं ते त्याचं स्वतःचं वजन. सरळ त्याच्या अंगावर जायचं, दोनेक मीटर उरले की एक पाय रुंद रोवायचा. त्याचा तोल त्या बाजूला गेला की त्याच पायाने रेटा देऊन उलट बाजूला निघायचं. लवकर केलं तर तो सावरतो, उशीर केला तर त्याचा हात पोचतो. चेंडू दोन्ही हातांत, म्हणजे पास देणार की पळणार हे त्याला उमगत नाही. आणि पाऊल टाकल्यावर वेग वाढवायचा. इथेच सगळी पोरं गंडतात. पाऊल झकास टाकतात आणि स्वतःवरच खूश होऊन थांबतात. नाहीतर घाबरून आडवी पळत सुटतात, थेट बाजूच्या रेषेबाहेर. ती रेषा कधी हुलीला फसत नाही.

हे सगळं अनवाणी, बरं का. जुलैतल्या, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यातल्या, त्या गवतावर! लेकीला मी तीन आठवडे बूट घालून पाठवलं. चौथ्या शनिवारी तिने ते गाडीतच ठेवले. माझ्या आईला अजून सांगितलेलं नाही.

तंबीच्या पुढच्या सरावाला मी पोरांना एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसवलं आणि सरळ खो-खो लावला. कोच हाताची घडी घालून बघत होता. नंतर त्याने बसायची पद्धत दोनदा विचारून घेतली. मी काही बोलले नाही. फक्त नवऱ्याला फोन केला.

तरी "डावीकडे" म्हणायची बंदी आहेच. जीभ चावत रेषेबाहेर उभी राहते. काल लेक चेंडू घेऊन सुटली आणि तोंडातून निघालंच, "हूल दे!" कोचने वळून पाहिलं. मराठी त्याला येत नाही, आणि यात दिशा कुठे सांगितली? शेजारचा, मूळ सामोआ बेटांवरचा पोरगा (तो मला आपल्याकडच्यासारखंच 'आंटी' म्हणतो) विचारायला लागला, "आंटी, 'हूल' म्हणजे काय?"

त्याला खेळ संपल्यावर सांगितलं. आता चौघं ओरडतात.