बाईंनी खोडू दिलं नाही

शाळेच्या स्मरणिका समितीचं पत्र बंगळुरूला पोचलं आणि त्या रात्री मी बराच वेळ मनाने शाळेतच होते. स्नेहसंमेलन, सहली, मुख्याध्यापकांचा दरारा यांवर बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते जीवशास्त्राच्या बाईंबद्दल. नाव लिहायची गरज नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

दहावीला आनुवंशिकतेचा धडा चालू होता. जिभेच्या कडा वळवून नळी करता येणं हा गुण एकाच जनुकावर ठरतो, असं तेव्हा सर्रास शिकवलं जाई. बाईंनी सगळ्या वर्गाला जिभा बाहेर काढायला लावल्या. आमच्या वर्गात जुळ्या बहिणी होत्या, रिबिनीच्या रंगावरून ओळखाव्या लागत इतक्या सारख्या. एकीची जीभ वळली, दुसरीची काही केल्या वळेना. वर्ग हसला. ती बिचारी रडवेली होऊन वहीतली स्वतःची नोंद खोडायला लागली.

बाईंनी तिचा हात धरला. “खोडू नकोस गं. पुस्तकातलं एका बाजूला लिही, तुमचं दोघींचं दुसऱ्या बाजूला. जुळत नाही, म्हणून तर लिहून ठेवायचं.” मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी मोठ्या अक्षरात ‘का?’ लिहिलं. शनिवारपर्यंत तो कोपरा कुणी पुसायचा नाही, असं शिपायांनाही बजावलं. त्या तासाला धडा पुढे सरकला नाही.

त्या प्रश्नाचं उत्तर मला एम.एस्सी. करताना सापडलं. जिभेचा तो दावा आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९४० मध्ये केला होता. जनुकांचा पहिला नकाशा काढणारा हा थोर माणूस. १९५२ मध्ये एकसारख्या, म्हणजे सारखीच जनुकं असलेल्या, जुळ्यांची पाहणी झाली आणि काही जोड्यांत एकाची जीभ वळते, दुसऱ्याची नाही, असं आढळलं. १९६५ मध्ये स्टर्टेव्हंट यांनी स्वतःच तो दावा सोडून दिला. यातलं काही आपल्या तालुक्याच्या गावात बाईंच्या हाती लागणं शक्य नव्हतं. त्यांनी फक्त समोरच्या दोन मुलींवर विश्वास ठेवला.

पुढे मी रेणवीय जीवशास्त्रात गेले आणि मानसिक आजारांच्या जनुकांवर काम करू लागले, तिथेही जुळेच भेटले. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार असेल, तर दुसऱ्याला तो सुमारे निम्म्याच वेळा होतो. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या आमिश या धार्मिक पंथाच्या कुटुंबांच्या अभ्यासातून बायपोलर, म्हणजे मनःस्थिती टोकाची वर-खाली होण्याच्या आजाराचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असल्याचं जाहीर झालं. दोनच वर्षांत त्याच घराण्यातली आणखी माणसं तपासली गेली, काहींचं निदान बदललं आणि सगळा पुरावा ढासळला. ज्यांनी ते उघडपणे छापलं, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. आज चित्र वेगळं आहे. २०२२ मध्ये शहात्तर हजारांवर रुग्णांच्या डीएनएवरून स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या डीएनएमधल्या २८७ जागा सापडल्या. एकेकीचा वाटा मात्र अगदी थोडा. त्यातले बहुतेक नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे, म्हणून आपल्याकडच्या कुटुंबांचा अभ्यास मला इतका निकडीचा वाटतो. बंगळुरूत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आणि एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधनसंस्था, इथे अशा कुटुंबांतल्या लोकांच्या रक्तातल्या पेशींपासून मूळपेशी (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या) आणि त्यांपासून मेंदूच्या पेशी वाढवून पाहिल्या जातात. बाईंना हे दाखवायला मिळायला हवं होतं.

रुग्णांचे आईवडील विचारतात, “घराण्यातच आहे का हो हे? धाकटीच्या लग्नाचं काय?” आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असला, तरी शंभरातल्या साधारण नव्वद मुलांना तो होत नाही, हे मी कागदावर लिहून देते. स्थळं मोडतात ती या आकड्याच्या अज्ञानामुळे, आणि त्याची मला चीड येते.

जुन्या इमारतीतली प्रयोगशाळा मोडून तिथे संगणक कक्ष झाल्याचं कळलं. संगणक हवेतच, पण ते सूक्ष्मदर्शक आणि बाईंच्या हातच्या चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या कुठे गेल्या, हे कुणी सांगेल का?

सोहळ्याला मी येणार आहे. समितीला विनंती, की मला भाषणाऐवजी नववी-दहावीच्या मुलांबरोबर दोन तास द्यावेत. कुस्करलेलं केळं, मीठ, भांडी घासायचं लिक्विड आणि थंडगार स्पिरिट एवढ्यावर डीएनएचे पांढरे धागे ग्लासात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. साहित्य मी आणेन. खोली तेवढी द्या, जमल्यास जुन्या इमारतीतली.