तुम्ही विचारलेत म्हणून: सगळे आठवते, तरीही

"बाई, तुम्हाला जुन्या विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांकसुद्धा पाठ आहेत, मग तुम्हाला झाले आहे तरी काय?" हा प्रश्न मला शिक्षकखोलीत, दादरच्या भाजीबाजारात आणि लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहावे असे ठरवले. विचारणाऱ्याच्या मनात कौतुक असते हे मला कळते. पण आजाराचे निमित्त सांगून मी वेळापत्रकाचे काम टाळले, असाही अर्थ त्यातून निघतो आणि तो मला लागतो.

माझ्या आजाराचे नाव कॅडासिल. नॉच-३ या जनुकातील दोषामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती बिघडत जातात आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंना रक्त कमी पडते. स्मृतिभ्रंश म्हटला की लोकांना नातवाचे नाव विसरलेले आजोबा आठवतात. या आजारात मात्र बहुधा आधी मंदावतो तो विचारांचा वेग, आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाऊन पुन्हा पहिल्यावर परतण्याची क्षमता.

२०१९ च्या जूनमध्ये मी ५१ वर्षांची होते. अठरा तुकड्यांचे वेळापत्रक मी सतरा वर्षे एकटीने करत आले होते आणि त्याला दोन संध्याकाळी पुरत. त्या वर्षी चौथी संध्याकाळ उजाडली तरी कार्डशीट अर्धे कोरे होते. कोणाला आठवड्याला किती तासिका, प्रयोगशाळा कोणत्या दिवशी मोकळी, यातले काहीही मी विसरले नव्हते. मी आठवी ब चा रकाना भरत असे, तो शिक्षक त्या वेळी मोकळा आहे का हे दुसऱ्या तक्त्यात पाहत असे, आणि पहिल्या तक्त्याकडे परत येईपर्यंत आपण काय पाहायला गेलो होतो हेच हातातून निसटलेले असे. शेजारी बसलेल्या तरुण सहकारी बाई हळूच म्हणाल्या, "बाई, गणिताचे सर सोमवारी तिसऱ्या तासाला दोन वर्गांत आले आहेत." मी एक चौकोन खोडला, तर इतिहासाची तासिका अडली, ती हलवली, तर पुन्हा गणित. खोडून खोडून त्या जागी कागद फाटला. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दाराशी उभे होते. "डोळे दुखताहेत," असे मी खोटेच सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी ते वेळापत्रक पुरे केले आणि मी त्यांच्याशी कित्येक दिवस धड बोलले नाही. त्यांचा दोष कोणता होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे एमआरआयमध्ये पांढरे डाग दिसले, आणि तिशीपासूनच्या माझ्या अर्धशिशीचा, डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेघांचा संबंध लागला. जनुकाच्या तपासणीने निदान पक्के झाले. बुद्धीच्या चाचणीत ऐकलेले दोन शब्द मला आपणहून सांगता आले नाहीत, पण इशारा मिळताच तेही आले. म्हणजे साठवण शाबूत होती. अंक आणि अक्षरे आळीपाळीने जोडायला सांगितली, एक, क, दोन, ख, तेव्हा मात्र मी अडखळले. ते माझे वेळापत्रकच होते, एका पानावरचे.

मला वडिलांविषयीही लिहिले पाहिजे. पन्नाशीत दोनदा अर्धांगाचा झटका आल्यावर ते गिरगावच्या चाळीत गॅलरीतल्या खुर्चीवर घडी न उघडलेले वर्तमानपत्र मांडीवर घेऊन बसून राहत. "बाबा, मनावर घेतलेत तर सगळे जमेल," असे मी त्यांना सुनावत असे. ही उदासीनता आजाराचाच भाग असू शकते, दुःखाशिवायही येऊ शकते, हे मला फार उशिरा कळले. ते १९९४ मध्ये गेले आणि जनुक ओळखले गेले १९९६ मध्ये. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, असे मी स्वतःला सांगते. पण त्यांच्या शेजारी गप्प बसायला कोणते निदान लागत होते?

मी आजही दहावीला व्याकरण शिकवते आणि चांगले शिकवते. दोन मुलांनी एकदम प्रश्न विचारले की मात्र दोन्ही उत्तरे येत असूनही मी थांबते. यातले किती आजाराचे, किती वयाचे आणि किती भीतीचे, हे मी रोज निराळे ठरवते. दोष मूळपासून दुरुस्त करणारे औषध आज नाही; रक्तदाब आटोक्यात ठेवणे आणि तंबाखूपासून दूर राहणे एवढे हातात आहे, ते मी करते.

माझ्या मुलामध्ये हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे. तो सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याला काहीही त्रास नाही. तपासणी करायची की नाही हे त्यानेच ठरवायचे, असे समुपदेशकांनी सांगितले आणि मला ते पटलेही. गेल्या रविवारी जेवताना त्याने विचारले, "आई, तू माझ्या जागी असतीस तर केली असतीस?" मी सकाळी हो म्हणाले आणि रात्री नाही.