देवबागला कयाकवरून गळ: तीन कयाक, चार टाळकी, एक तांबोशी आणि कर्लीच्या तळाला गेलेला रॉड

फेब्रुवारीत आम्ही चौघं मित्र देवबागला कयाक घेऊन मासे मारायला जाऊन आलो. ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, किती मिळाले? अडीच दिवसांत खाण्याजोगे तीन. झालं समाधान? आता बाकीचं सांगतो, कारण मासे कमी का मिळाले यापेक्षा मी पालथा का झालो हे जास्त कामाचं आहे.

आधी जागा. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधे माडांची पट्टी आणि टोकाला संगम, पलीकडे भोगवे. कयाकवाल्यासाठी ही चैन आहे, समुद्र खवळलेला असला तर खाडीत मारायचं, समुद्र शांत असला तर संगमाबाहेर जायचं, आणि दोन्हीकडे उतरायला एकच मुक्काम पुरतो.

पुण्याहून गुरुवारी रात्री निघालो, कोल्हापूर करून फोंडा घाटाने खाली. दोन गाड्यांच्या टपावर तीन कयाक, दोन सिंगल आणि एक डबल. टपावर बांधताना पट्ट्याला दोन पीळ द्या, सपाट ताणलेला पट्टा ऐंशीच्या वर स्पीड गेला की असा भुंग्यासारखा घोंघावतो की कराडपर्यंत डोकं उठतं, आम्ही उंब्रजला थांबून पीळ दिले तेव्हा कुठे गप्प झाला. आणि पुढच्या टोकाला एक दोरी बंपरखालच्या हुकला हवीच, घाटात वारा खालून शिरतो.

पोचल्यावर शुक्रवारी संध्याकाळी मासे वगैरे काही नाही, खाडीत छातीभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटी करायची आणि परत चढायचं, प्रत्येकाने पाच पाच वेळा. हे माझ्या डोक्यातलं नाही, आमच्यातला एक डॉक्टर आहे त्याचा हट्ट. आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. पद्धत सोपी आहे: उलटी कयाक पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढून सरळ करायची, मग दोन्ही हात वर टाकून पाण्यात पाय मारत पोटावर आडवं व्हायचं, बेंबी मधोमध आली की कुशीवर वळून बूड सीटमधे. घाई करून एकदम बसायला गेलात की परत पलीकडे. मला चौथ्या वेळेला जमलं.

आता भरती. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तो भरतीचा अंदाजे तास. आम्ही मुद्दाम दशमीचा शनिवार धरला होता, दहा पाऊण साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला पाणी भरलेलं आणि दीडच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमी-दशमीच्या आसपास भांग असतो, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणासारखी ओढ नसते. मोबाईलवरचं टाइड टेबल पंधरा-वीस मिनिटं इकडे तिकडे तेच सांगत होतं. लाटांसाठी इन्कॉइसचा (सरकारी समुद्र माहिती केंद्र) अंदाज बघा, वाऱ्यासाठी विंडी अ‍ॅप, पण वाऱ्याचं खरं उत्तर आम्हाला जिथे उतरलो होतो त्या घरच्या आबांनी दिलं. चहा पिताना म्हणाले, "सकाळचो वारो जमनीवरसून येता, तो बरो. धा-अकराक खारो वारो सुटलो की मुखार जाव नकात." मुख म्हणजे खाडीचं तोंड. आम्ही हो हो म्हणालो.

शनिवारी सव्वासहाला अंधारात पाण्यात. डोक्याला टॉर्च, अंगात लाइफ जॅकेट (घालायचं, सीटमागे उशी म्हणून ठेवायचं नाही), जॅकेटच्या चेनला शिट्टी. मतलई (जमिनीवरून येणारा) वारा पाठीवर होता, पाणी तेलासारखं, वल्ह्याचा आवाज सोडला तर फक्त कुठेतरी कांदळात बगळा ओरडतोय. खरं सांगतो त्या अर्ध्या तासासाठी सुद्धा परत जाईन.

खाडीत सॉफ्ट प्लॅस्टिक (मऊ रबरी खोटा मासा) लावून सुरुवात केली आणि केंडांनी वाट लावली. केंड म्हणजे तो फुगणारा मासा, दात कात्रीसारखे, पंधरा मिनिटांत माझ्या चार शेपट्या कापल्या, एकदम अर्धगोल, जसं बिस्किट खाल्लंय. चुकून लागलाच तर सोडून द्या, घरी नेऊ नका, त्याचं विष शिजवून जात नाही. केंड असतील तिथे रबर बंद, सरळ टणक मिनो लूर (छोट्या माशाच्या आकाराचं खोटं आमिष) लावा.

साडेसातला पाणी थांबलं तसे संगमाबाहेर पडून भोगव्याच्या बाजूच्या खडकांकडे गेलो. तिथे नऊ सेंटिमीटरचा मिनो मागे पंचवीस-तीस मीटर सोडून हळूहळू वल्हवत राहायचं, ट्रोलिंग. रॉड सात फुटी, 30 पौंडाची ब्रेड (विणलेली गळाची दोरी), पुढे लूरच्या आधी दीड मीटर 40 पौंडाचा फ्लोरोकार्बन लीडर, म्हणजे जाड धागा. लीडर जाड का तर खडकांना कालवं चिकटलेली असतात, ब्रेड नुसती घासली तरी गेली, आणि जिताडा लागला तर त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते. (जिताडा लागला नाही. मी तयारीत होतो.)

आठ वाजून गेले होते, रॉड होल्डरमधे असा वाकला की मला वाटलं खडकात अडकला. मग खडक पळायला लागला. तांबोशीचं हेच असतं, खातो आणि त्याच झटक्यात बिळाकडे वळतो, पहिले पाच सेकंद तुमचे नाहीतर त्याचे. जमिनीवर उभे असाल तर पाय रोवता येतात, कयाकमधे काय रोवणार, मासा ओढतो तिकडे तुम्हीच जाता, माझी कयाक गर्रकन फिरली आणि खडकाकडे निघाली. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट, रॉड पाण्याला समांतर आडवा, आणि डबलवाले दोघं वल्हवत येऊन माझी शेपटी धरून मला मागे ओढतायत. शेवटी जाळ्यात आला तेव्हा 2.4 किलो भरला, तांब्याच्या भांड्याला चिंच लावून घासल्यासारखा रंग आणि वरच्या जबड्यात दोन सुळे. हुक हाताने काढायचा नाही, लांब पक्कड.

तिथेच थांबायला हवं होतं. नऊला निघालो असतो तर हा लेख मासेमारीचा झाला असता. पण तांबोशी लागल्यावर कोण निघतं, अजून एक फेरी, अजून एक फेरी करत सव्वाअकरा झाले, दरम्यान एक मध्यम पालू आणि डॉक्टरला एक शिंगाळा, आणि पश्चिमेचा वारा कधी सुटला ते कळलंही नाही कारण आम्ही खडकांच्या आडोशाला होतो.

संगमावर आलो तर सकाळचं तेल गायब. कारण साधं आहे, ओहोटीचं पाणी नदीतून बाहेर येतंय, वारा समुद्रावरून आत ढकलतोय, खाली वाळूचा उथळ बांध, मग लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकीतून सावरतोय तोवर दुसरी. भांग असला तरी. उंची फार नव्हती, कमरेएवढी असेल, पण मागून येणाऱ्या लाटेने कयाकची शेपटी उचलली, मी चुकून वल्हं थांबवलं, कयाक आडवी झाली आणि मी पाण्यात.

सराव कामाला आला, पण पूर्ण नाही. कयाक सरळ केली, चढलो, आणि ती म्हशीसारखी डुलायला लागली. पुढचं झाकण मी सकाळी टॉर्च काढताना उघडलं होतं आणि अर्धवटच लावलं होतं, आत पाणी शिरलेलं. परत पडलो. डबलवाल्यांनी शिट्टी मारली, डॉल्फिन दाखवायला फिरणारी एक होडी जवळच होती, त्यांनी दोरी टाकून आत शांत पाण्यात आणून सोडलं, पैसे घेतले नाहीत, वर शिव्या फुकट दिल्या. गेलं काय: आवडता रॉड (लीश, म्हणजे कयाकला बांधायची दोरी, लावलेला नव्हता, दुसऱ्याला होता तो वाचला), लूरचा डबा, एक चप्पल. वल्ह्याला लीश होता म्हणून वल्हं राहिलं. मोबाईल ड्राय बॅगेत, ड्राय बॅग जॅकेटला बांधलेली. तांबोशी डबलच्या आइसबॉक्समधे होती, नाहीतर घरी तोंड दाखवलं नसतं.

तुम्ही जाणार असाल तर साडेनऊचा अलार्म लावा आणि तो वाजला की गळाला काहीही असो आत या. तसंही अकरानंतर खाडीत कांदळाच्या कडेने मासे लागतात, दुसऱ्या दिवशी खाण्याजोगा तिसरा मासा तिथेच मिळाला, काळुंदर, जिवंत कोळंबीवर. पायात जुने कॅनव्हासचे बूट घाला, कालवांनी तळवे सोलतात. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर जाळ्याच्या फ्लोटच्या आत जाऊ नका, लांबून वळसा घ्या, त्यांचं पोट आहे आपली हौस आहे. आणि मालवणात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड या बाजूला गळ टाकू नका, 1987 पासून ते सागरी अभयारण्य आहे.

शिंगाळ्याचं राहिलंच. त्याला तीन काटे, एक पाठीवर, दोन बाजूच्या परांना, तिन्ही विषारी. डॉक्टरने रोज शंभर लोकांना सल्ला देणाऱ्या हाताने तो उघडा पकडला. अंगठा टोमॅटो. उपाय त्याला माहीत होता, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर, त्याने दुखणं खरंच उतरतं, पण गरम पाणी घरी आणि आम्ही संगमावर. थर्मासमधे चहा ऐवजी साधं गरम पाणी न्या, चहा नंतर पिता येतो.

रात्री आबांच्या घरी तांबोशीचं डोकं सारात, तुकड्या तव्यावर. आबांनी विचारलं, वारो कधी सुटलो? कोणी मान वर केली नाही.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुतलं, रील दोनदा. तरी ती फिरवताना करकर वाजते, आत वाळू आहे. तेल घालून बघितलं, उघडायची हिंमत होत नाहीये.