म्हणालो काय, उमटलं काय

माझ्या ऐंशी पार केलेल्या काकांना मी एकदा 'जीवन झालं का?' असा मेसेज पाठवलाय. म्हणालो होतो 'जेवण झालं का', फोन कानाजवळ धरून, घाईत, आणि न वाचता सेंड. दोन मिनिटांनी काकांचं उत्तर आलं, 'अजून थोडं शिल्लक आहे.' ते नक्की कशाबद्दल होतं ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून बोलून टाइप करणं सोडलं असं अजिबात नाही, उलट वाढलंय. फक्त एक कळलं की यातलं खरं काम बोलण्याचं नाहीच, बोलून झाल्यावर निस्तरण्याचं आहे. बोलायला काय, तोंड आहेच.

गंमत अशी की हे सॉफ्टवेअर शुद्धलेखन चुकतच नाही म्हटलं तरी चालेल. आपण हाताने टाइप करताना 'जेवन' लिहू, 'जेणव' लिहू, बघताक्षणी डोळ्यांना खुपतं, खाली लाल रेघ येते. हे मात्र चुकलं तरी डिक्शनरीतलाच अख्खा, व्यवस्थित शब्द टाकतं. 'जीवन' हा शब्द बरोबरच आहे की, त्याला लाल रेघ कशाला येईल? चूक अशी इस्त्रीचे कपडे घालून बसलेली असते आणि आपण तिला सभ्य माणूस समजून पुढे जातो.

आणि त्यातही मोठे शब्द चुकले तर बरं, ते लगेच दिसतात. घात करतात ते चिमुकले. 'मीच सांगितलं' मधला 'च' गेला की अख्खं भांडण गेलं. 'तोही येणार' मधला 'ही' गेला की बाकीचे सगळे रद्द. 'येत नाहीये' म्हणावं आणि 'येत आहे' उमटावं, हे तर माझ्याबाबतीत झालंय आणि समोरचा माणूस वाट बघत बसला. आपण वाचतो तेव्हा डोक्यात आपलंच वाक्य ताजं असतं, त्यामुळे डोळा तो हरवलेला 'च' स्वतःच्या खिशातून घालून पुढे जातो आणि आपल्याला वाटतं सगळं जागेवर आहे. म्हणून मी आता वाचतच नाही, फोनलाच मोठ्याने वाचायला लावतो. तो बिचारा जे आहे तेच वाचतो, त्याला माझ्या मनातलं काही माहीत नसतं, आणि कानाला चूक पटकन लागते.

आता चूक सापडली की पहिला मोह होतो तो शब्द परत बोलायचा. नाही ऐकलं तर मोठ्याने, मग एकेक अक्षर तोडून, 'क्षि... ति... ज', जणू समोर बहिरा माणूस बसलाय. यात मी आयुष्यातली किती मिनिटं घालवली असतील देव जाणे. आणि दर वेळी आधीपेक्षा भलतंच काहीतरी येतं. कारण साधं आहे पण मला फार उशिरा कळलं. ही यंत्रं नुसता आवाज ऐकून लिहीत नाहीत, आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतात, आणि ती शिकलेलीही असतात माणसांच्या नेहमीच्या बोलण्यावर, तोडूनतोडून ओरडण्यावर नाही. एकटा शब्द दिला की त्याला शेजारपाजारच उरत नाही, मग ते अंदाज कशावरून बांधणार! पूर्वी उलटं होतं, प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागायचं, १९९७ मध्ये ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग नावाचं बोललेलं टाइप करणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा कुठे साध्या माणसाच्या कंप्युटरवर सलग बोललेलं चालायला लागलं. म्हणजे तोडून बोलायची वेळ केव्हाच गेली, आपणच अजून तिथे अडकलोय. तेव्हा शब्द चुकला तर तो एकटा न धरता आगेमागचे चार शब्द धरून सिलेक्ट करायचे आणि तेवढा तुकडा सहज, गप्पा मारल्यासारखा परत बोलायचा. दोनदा करून जमलं नाही तर गुपचूप बोटाने टाइप करायचं. तिसऱ्यांदा बोलणं म्हणजे नुसती हौस.

१९९९ साली आयबीएमच्या संशोधकांनी लोकांना इंग्रजी मजकूर बोलून आणि टाइप करून उतरवायला लावला होता. दुरुस्त्या धरून हिशोब केला तर बोलणाऱ्यांचे मिनिटाला जेमतेम १४ शब्द पडले आणि कीबोर्डवाल्यांचे ३२ च्या वर. बोलताना तर माणूस मिनिटाला शंभरावर शब्द सहज बोलतो, मग बाकीचे गेले कुठे? निस्तरण्यात गेले. तेव्हापासून सॉफ्टवेअर कितीतरी सुधारलं, पण माझा अनुभव विचाराल तर वेळ अजूनही तिथेच जातो, विशेषतः बोलता बोलता मध्येच थांबून दुरुस्त करायची सवय असेल तर. एक शब्द नीट करायला थांबलो की पुढचं वाक्य डोक्यातून पळालेलं असतं. म्हणून मी बोलताना स्क्रीनकडे बघतच नाही, चक्क खिडकीबाहेर बघतो. आधी सगळं ओकून टाकायचं, मग एकदाच झाडू मारायचा. फक्त तो झाडू त्याच दिवशी मारायला हवा! एकदा दोन दिवसांनी उघडलं तर 'तिथे वाट बघणाऱ्या पायऱ्या' असं काहीतरी निघालं, आणि मी नक्की काय म्हणालो होतो ते आजतागायत कळलेलं नाही (पायऱ्या मात्र छान वाटल्या, तशाच ठेवल्या). यासाठी ड्रॅगनमध्ये एक झकास सोय आहे, मजकुराचा तुकडा सिलेक्ट करून आपणच काय बोललो ते परत ऐकता येतं. त्यातच 'करेक्ट' म्हणणं वेगळं आणि नुसतं सिलेक्ट करून वर दुसरं लिहिणं वेगळं. पहिल्यात आपण त्याला सांगतो की बाबा तू चुकीचं ऐकलंस, दुसऱ्यात त्याला वाटू शकतं की माझाच विचार बदलला. हा फरक मला माणसांशी बोलतानाही धड जमत नाही.

मराठी गूगलच्या कीबोर्डवर बोलून लिहिता यायला लागलं ते २०१७ मध्ये, आणि मराठीची दुखणी मराठीचीच. 'घरामध्ये' बोललं की 'घरा मध्ये', प्रत्यय बिचारा भाड्याच्या खोलीत वेगळा राहायला गेल्यासारखा. पूर्णविराम म्हणावं तर कधीकधी 'पूर्णविराम' हा शब्दच लिहून मोकळं होतं. आपण 'केलं' म्हणतो आणि तिथे 'केले' येतं. यातलं काय दुरुस्त करायचं आणि काय सोडून द्यायचं हे ठरवलं की निम्मं काम वाचतं. मित्राला मेसेज असेल तर प्रत्यय राहू दे वेगळा, त्याला कळतंय. अर्ज असेल तर एकेक जोडतो. नावं, आकडे, तारखा आणि 'नाही' एवढं मात्र कुठेही तपासतोच.

परवा काकांनीही माइक दाबायला सुरुवात केली. त्यांचा मेसेज आला, 'का कुणी विचारलंय कधी येणार'. मी जरा दुखावलोच, म्हटलं असं काय तिरकं बोलतात, जीवनाचं अजून मनात ठेवलंय की काय. मग मोठ्याने वाचलं. परत जरा भरभर वाचलं. तिसऱ्यांदा कुठे कानाला ऐकू आलं, 'काकूनी विचारलंय कधी येणार'.

मी तिथेच माइक दाबून सांगितलं की शनिवारी येतोय, आणि पाठवायच्या आधी फोनकडून दोनदा वाचून घेतलं.