एक ओरखडा आणि दोन रोव्हर

इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत मी जुन्या सिनेमांच्या फिती स्कॅन करते, त्यांच्यावरचे ओरखडे भरते. त्या सोमवारी माझ्यापुढे 'रेस्क्यूड बाय रोव्हर' हा इंग्लिश मूकपट होता. 1905 सालचा, जेमतेम सहा-सात मिनिटांचा. भिकारीण बाळ पळवते आणि घरचा कुत्रा रोव्हर नदी पोहून जाऊन ते शोधून काढतो.

बागेत आया एका सैनिकाशी गप्पा मारत उभी आहे, तेवढ्यात मागच्या मागे बाबागाडीतलं बाळ जातं. नेमका आयाच्या चेहऱ्यावर जाड ओरखडा. दुसऱ्या संग्रहातून आलेल्या प्रतीतल्या चौकटी, म्हणजे फ्रेम, तिथे बसवायच्या, एवढंच काम. आमचं रोजचंच.

बसेना. आधी वाटलं, फीत आकसली असेल. शंभर वर्षांची नायट्रेट फीत आकसतेच. मापं बदलून पाहिली. मग स्कॅनरला शिव्या घातल्या. दुपारी दोन्ही प्रती शेजारी शेजारी चालवल्या, तर एकीत आया आधी मान वळवते, दुसरीत जरा थांबून.

मागे उभ्या असलेल्या आमच्या सीनियर बाई हसल्या. "अगं, हे एकाच दिवसाचं शूटिंग नाहीच!"

त्या काळी प्रत्येक प्रत थेट मूळ निगेटिव्हवरूनच छापत. सिनेमा इतका चालला की 395 प्रती विकल्या गेल्या असं सांगतात, आणि निगेटिव्ह अक्षरशः झिजली. मग निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी काय करावं? सगळा सिनेमा पुन्हा चित्रित केला. तीही निगेटिव्ह झिजली, म्हणून तिसऱ्यांदा! खर्च सात पौंड तेरा शिलिंग नऊ पेन्स. आईबाप झाले खुद्द हेपवर्थ पतिपत्नी, बाळ त्यांचंच, कुत्रा ब्लेअरही घरचाच.

आयाचं काम मे क्लार्कचं. 1903 साली 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधली, पडद्यावरची पहिली अ‍ॅलिस झाली ती हीच. हेपवर्थकडे ती मुळात फिती कापण्या-जोडण्याचं काम करायची. हे कळल्यावर मी खुर्चीतच सरळ झाले. म्हणजे ही तर आमच्याच खात्यातली! नटांची नावं पडद्यावर द्यायची तेव्हा रीतच नव्हती. कॅमेऱ्यासमोरून उठायचं आणि कात्री हातात घ्यायची.

याच हेपवर्थचा इंग्लंडमधल्या वॉल्टन गावातला स्टुडिओ 1912 साली आपले दादासाहेब फाळके पाहून गेले. आणि योगायोग बघा, त्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची आज उरलेली रिळं 1913 ची नसून 1917 सालच्या नव्या चित्रीकरणाची असावीत, असं काही अभ्यासक मानतात. आपल्याकडेही जुळवाजुळव करणाऱ्यांच्या डोक्याला हाच ताप.

हेपवर्थची कंपनी 1924 मध्ये बुडाली आणि निगेटिव्ह वितळवायला गेल्या. जे वाचलं ते विकल्या गेलेल्या प्रतींमुळे, म्हणून प्रत्येक प्रत सांभाळायची.

संध्याकाळी मी माझं ठिगळ पुसून टाकलं. एका दिवसाची मान दुसऱ्या दिवसाच्या खांद्यावर कशी बसवणार? दोन्ही डब्यांवर वेगवेगळे क्रमांक घातले आणि नोंदवहीत त्या चौकटींपुढे लिहिलं: दुरुस्ती नाही.